दोऱ्यावरची नाडी

जिन्याला एकवीस पायऱ्या होत्या आणि त्या सकाळी एकाही पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या बायका खालच्यांना दोरेवाल्या वैद्यांचे पराक्रम सांगत होत्या, खालच्या बायका रस्त्यावरच्यांना, आणि वरून निघालेला एक चमत्कार रस्त्यावर पोचेपर्यंत त्याचे तीन होत होते.

"माझ्या भाचीचे सहा दिवस वर गेले होते, फक्त सहा," एकजण सांगत होती. "वैद्यांनी दोरा धरला मात्र, म्हणाले, घरात पाळणा आणून ठेवा."

"सहा दिवसांत? डॉक्टरांनासुद्धा कळत नाही हो!"

"डॉक्टरांना काय कळतंय डोंबल! ते आधी लघवीसाठी हातात बाटली देतात. इथे तसलं काही नाही. चेहरा दाखवायचा नाही, तोंड उघडायचं नाही. नुसतं मनगट, आणि मनगटाला दोरा."

अकराव्या पायरीवर एकाच घरातल्या तिघी उभ्या होत्या. सासूबाई, थोरली सून आणि धाकटी सून. धाकटीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. नवरा ट्रकवर, महिन्यातून आठ दिवस घरी. यंदा प्रथमच तिचे दिवस वर गेले होते आणि सासूबाईंनी तिला जिना चढताना असं धरलं होतं, जसं काही ती काचेची आहे. थोरली मागून पिशवी सांभाळत येत होती आणि मनातल्या मनात चरफडत होती.

थोरली शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. दिवसाला चारशे शर्ट तिच्या हाताखालून जात. सुटलेला टाका, तिरकी शिवण, लोंबणारा दोरा, कच्ची गाठ, जे चुकलं असेल ते शोधायचं आणि शर्ट परत पाठवायचा. अकरा वर्षं हेच केल्यामुळे तिला एक खोड जडली होती. कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी उलटी करून बघायची. सासूबाईंना ही खोड मुळीच आवडत नसे.

"वैद्यांसमोर तुझी ती तपासणी नको काढूस," त्या पायरीवरच बजावत होत्या. "गप्प बसायचं."

"तिथे सगळ्यांनाच गप्प बसायचं असतं म्हणे," थोरली म्हणाली.

वर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत बाकं मांडलेली, आणि त्यांच्यामधून एक गोल चेहऱ्याची, हसरी बाई कोमट पाण्याचे पेले घेऊन फिरत होती. सगळ्या तिला मावशी म्हणत. पाणी दिलं की मावशी शेजारी टेकायची, पाठीवरून हात फिरवायची आणि सख्ख्या मावशीसारखी चौकशी करायची. ती गप्पा मारता मारता रिळावरून दोन्ही हात पसरून वावभर पांढरा दोरा तोडायची, एक टोक बाईच्या मनगटाला बांधायची, दुसऱ्या टोकाशी जरा खुडबुड करायची आणि तो दोरा बाईच्याच बोटांना गुंडाळून ठेवायची. मग आतून हाक आली की आत जायचं.

आतल्या खोलीत मधोमध हिरवा पडदा होता आणि पडद्याला कमरेच्या उंचीवर एक पितळी भोक. मावशी त्यातून दोऱ्याचं टोक पलीकडे सरकवायची. पलीकडे वैद्य. बाईला शिवायचं नाही, बघायचं नाही, तिचा आवाजही ऐकायचा नाही, कारण शब्दाने नाडी बिथरते, असं ते सांगत. आपली पाळी येईपर्यंत बायका भिंतीलगत बसून दुसऱ्यांच्या नाड्यांचा निकाल ऐकत आणि माना डोलवत.

"बोल गं," मावशीने धाकटीला पाणी देत विचारलं. "किती दिवस वर गेले?"

"सोळा-सतरा," धाकटी लाजत म्हणाली. "पण परवापासून थोडंथोडं दिसतंय. आणि इथे डावीकडे दुखतं. कळ येते."

"दिसतंय ना? मग पाळी आलीच म्हणायची," मावशीने तिच्या गालावरून हात फिरवला. "होतं असं. कंटाळू नकोस हो."

आणि दोरा तोडला.

आत पडद्यापलीकडून एक लांब हुंकार आला. मग आणखी एक. वैद्यांचा आवाज खर्जातला होता आणि तो वापरायचा कसा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"हंऽऽ. नाडी बोलते आहे. सापासारखी सरपटते आहे. बेडकासारखी उडी नाही, हंसासारखी चाल नाही. वात! वात चढलाय. पोरी, गर्भ नाही. कोठ्यात वायू कोंडलाय. डावीकडे टोचतं का? बोलू नकोस! मला दिसतंय. टोचतं!"

भिंतीलगतच्या बायकांनी एकदम श्वास घेतला. डावीकडे! न सांगता! सासूबाईंनी तर हातच जोडले. धाकटी मात्र पडद्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. काढ्याची बाटली, पोट घट्ट बांधायला पट्टा आणि गरम पाण्याच्या पिशवीचा शेक एवढं घेऊन तिघी परत फिरल्या. दोरा एकवीस दिवस मनगटावर ठेवायचा, सोडायचा नाही, कापायचा नाही. सासूबाईंनीही गुडघ्यांसाठी स्वतःला दोरा बांधून घेतला होता.

डावीकडे कसं कळलं, याचं थोरलीलाही नवल वाटलं. उगाच खोटं कशाला बोला? अर्धा जिना उतरेपर्यंत तिलाही वाटत होतं की या माणसाकडे काहीतरी आहे.

*

त्या आठवड्यात वैद्यांच्या दोऱ्याची कारखान्यात साथच आली होती. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बायका डबे उघडून बसल्या तेव्हा थोरलीने मोजलं, अकरा मनगटांवर पांढरा दोरा. काज-बटणवाली, कॉलर लावणारी, इस्त्रीवरच्या दोघी, सगळ्या. दोऱ्याचं लांब टोक मनगटाभोवती गुंडाळून शेवट बाहेर लोंबत ठेवलेला.

तिची नजर सवयीनेच त्या टोकांवर गेली. दिवसभर तेच तर करायची ती. काज-बटणवालीचा हात तिने धरला आणि टोक नखावर घेतलं.

"काय गं?"

"तुला वैद्यांनी काय सांगितलं?"

"आहे म्हणाले. दुसरा महिना." ती खुदकन हसली.

टोकाला दोन गाठी होत्या. एकीला लागून दुसरी, जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या. थोरलीने कॉलरवालीचा हात ओढला. एकच गाठ.

"तुला नाही म्हणाले?"

"अगं बाई! तुला कसं कळलं?"

थोरली उठली आणि एकेकीचं मनगट बघत टेबलाभोवती फिरली. ज्यांना 'आहे' सांगितलं होतं त्या चौघींच्या टोकाला दोन गाठी. 'नाही' सांगितलं होतं त्या पाच जणींना एक. इस्त्रीवरच्या दोघी पन्नाशीच्या, पाठदुखीसाठी गेलेल्या. त्यांच्या टोकाला गाठच नव्हती. अकरापैकी एकही चूक नाही. एवढं नीट काम तर शर्टातसुद्धा सापडत नाही, थोरलीच्या मनात आलं.

"तुम्ही मावशीला काय सांगितलं होतं?" तिने विचारलं.

"काही नाही बाई! तिथे बोलायचंच नसतं."

"आत नाही गं. बाहेर. पाणी पिताना."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "ते काय, इकडचं तिकडचं," काज-बटणवाली म्हणाली. "किती दिवस झाले, मळमळतं का, असंच. बोलकी आहे बिचारी."

"आणि तू?"

"मला दोन महिने झाले होते, मळमळत होतं, तेच सांगितलं."

"म्हणजे तुला दिवस गेलेत हे तू मावशीला सांगितलंस, मावशीने ते दोऱ्याला सांगितलं, दोऱ्याने वैद्यांना, आणि वैद्यांनी ते तुलाच सांगितलं. आणि तू हात जोडून आलीस!"

काही जणी हसल्या. कॉलरवालीला मात्र राग आला. "ते डावी-उजवी बाजूसुद्धा सांगतात. त्याची कुठे गाठ असते?"

थोरलीने पुन्हा एकदा दोरे बघितले. मावशी कुणाच्या डाव्या मनगटाला बांधायची, कुणाच्या उजव्या. पडद्याच्या भोकातून दोरा डावीकडून आला की उजवीकडून, हे पलीकडच्याला कळायला नाडीज्ञान लागत नाही. धाकटीचा दोरा डाव्या मनगटावर होता. कॉलरवालीची उजवी बाजू दुखत होती आणि दोरा उजवीकडे.

शिलाईवरची एक मुलगी एवढा वेळ नुसता डबा चिवडत होती. ती हळूच म्हणाली, "मला मागच्या वेळी आहे म्हणाले होते. दहा दिवसांनी पाळी आली. परत गेले तर म्हणाले, होता गर्भ, पण तू जड उचललंस म्हणून गेला. मी कापडाचे तागे उचलले होते. घरच्यांनी अजून मला माफ केलेलं नाही."

थोरलीच्या डोक्यात सणक गेली. बरोबर निघालं तर वैद्य ज्ञानी, आणि चुकलं तर बाई अपराधी! या माणसाचं एकही उत्तर कधी चुकूच शकत नव्हतं, आणि त्याची किंमत ही एवढीशी पोर घरात मान खाली घालून मोजत होती.

आणि मग तिला धाकटी आठवली. धाकटीला एक गाठ मिळाली होती, कारण धाकटीने 'दिसतंय' म्हणून सांगितलं होतं. तिची नाडी कुणी बघितलीच नव्हती. तिचं पोट कुणी बघितलंच नव्हतं. तीन दिवस ती त्या पट्ट्यात आवळलेली होती आणि आज सकाळी तिने अर्धी पोळीसुद्धा खाल्ली नव्हती.

*

"गाठी!" सासूबाई म्हणाल्या. "तुला सगळीकडे गाठीच दिसतात. त्या कारखान्याने तुझे डोळे बिघडवलेत."

"आई, मी अकरा दोरे बघितले. तुमच्या स्वतःच्या मनगटावरचा बघा. तुम्ही गुडघ्यांसाठी गेलात, तुमच्या टोकाला गाठ नाही."

"नसेल. म्हाताऱ्या माणसाला कशाला हवी गाठ?"

"तेच तर म्हणतेय मी!"

धाकटी आतल्या खोलीत कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. थोरली तिच्याजवळ बसली. "चल, हॉस्पिटलात जाऊ. लघवीची तपासणी पाच मिनिटांत होते."

"आई म्हणतील तसं," धाकटी म्हणाली.

आणि आई काही म्हणायला तयार नव्हत्या. तीन वर्षांपूर्वी सासरे त्याच हॉस्पिटलात गेले होते ते चालत, आणि परत आले ते चौघांच्या खांद्यावर. त्यांना वेळेवर नेलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण बाईच्या मनात काय बसतं ते डॉक्टरांना विचारून बसत नाही. हॉस्पिटलाचं नाव काढलं की सासूबाईंचा चेहरा दगडासारखा व्हायचा. थोरलीला हे कळत होतं, म्हणून तर तिला नुसतं ओरडताही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचा चेहरा पांढराफटक होता. कपाळावर घाम. "पोटापेक्षा आता खांदा दुखतोय," ती म्हणाली. "इथे, वरती. काय गंमत आहे ना ताई?"

थोरलीला ती गंमत वाटली नाही. खांद्याचा आणि पोटाचा काय संबंध ते तिला माहीत नव्हतं, पण काहीतरी फार चुकतंय एवढं कळत होतं. ती कामावर गेली नाही.

"आई, आता हॉस्पिटल."

"आधी वैद्य," सासूबाई म्हणाल्या. "काढा त्यांनी दिलाय, उताराही तेच देतील. वाटेवरच तर आहे. ते म्हणाले तर हॉस्पिटलात नेऊ. माझा शब्द."

भांडत बसण्यात वेळ घालवण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून थोरलीने रिक्षा आणली, आणि रिक्षावाल्याला जिन्याखाली थांबायला सांगितलं.

*

धाकटीची अवस्था बघून जिन्यावरच्या बायकांनी वाट दिली. बाहेरच्या खोलीत मावशीने नेहमीसारखे पेले भरले. धाकटीकडे बघून तिचा चेहरा क्षणभर उतरला, पण लगेच हसू परत आलं.

"तिला जरा बसू द्या. श्वास लागलाय," मावशी म्हणाली. "आजी, तुमचे गुडघे दाखवायचेत का तोवर? आत तुमचा नंबर मी पुढे लावते."

सासूबाई नको म्हणणार होत्या. पण थोरली पटकन म्हणाली, "दाखवा आई. दोन मिनिटांचं काम."

ती हे का म्हणाली, ते तिचं तिला आधी कळलंच नाही. मावशीने सासूबाईंचा जुना दोरा कापून नवा बांधला, टोक मोकळं सोडलं, आणि कुणीतरी पाणी मागितलं म्हणून ती वळली.

"आणा, मी गुंडाळून देते," थोरली म्हणाली आणि दोऱ्याचं टोक तिच्या हातात आलं.

शिवणकाम करणाऱ्या बाईला गाठ मारायला दोन हात लागत नाहीत. टोकाचा तर्जनीला एक वेढा द्यायचा, अंगठ्याने तो वळत वळत खाली सरकवायचा, ओढायचा. झाली गाठ. बघणाऱ्याला वाटतं बोट नुसतं चोळलं. थोरलीने असं बोट दोनदा चोळलं.

आतून हाक आली. सासूबाई पडद्यासमोर बसल्या. थोरलीने धाकटीला कंबरेत धरून आत आणलं आणि भिंतीलगत टेकवलं. मावशीने घाईत टोक भोकातून पलीकडे सरकवलं आणि ती बाहेर पळाली. तिच्या मते त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच.

पडद्यामागे हुंकार आला. मग दुसरा हुंकार, जरा गोड.

"हंऽऽ! ही नाडी वेगळी आहे. ही हंसासारखी डुलत चालते आहे. एका नाडीच्या पोटात दुसरी नाडी! ऐका, ऐका. मोठी टप टप, आणि तिच्यामागे छोटी टुप टुप. पोरी, लाजू नकोस! तुला दिवस गेलेत. दुसरा महिना चालू आहे."

खोलीतल्या वीस-पंचवीस बायका सासूबाईंकडे बघत राहिल्या. सासूबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. वरचे चार दात नव्हते.

"जड काम करायचं नाही," पडद्यामागचा आवाज रंगात आला होता. "नवऱ्याला सांग, आता तुला जपायला हवं. आंबट खावंसं वाटतंय ना? बोलू नकोस! मला कळतंय."

एका बाईच्या तोंडातून फुर्रकन हसू सुटलं. सासूबाईंनी मान वळवून थोरलीकडे बघितलं, मग आपल्या मनगटाकडे. त्यांनी दोरा हळूच मागे ओढला. टोक भोकातून परत आलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, आणि दोन गाठी बोटांनी चाचपल्या. थोरलीला वाटलं, आता आपल्याला बोलणी बसणार.

सासूबाई उठल्या आणि त्यांनी पडदा सर्रकन बाजूला ओढला.

पलीकडे लोडाला टेकून एक गुबगुबीत माणूस बसला होता. त्याचा अंगठा आणि तर्जनी अजून तशीच हवेत, दोरा धरल्यासारखी. समोर पिकल्या केसांची बाई बघून त्याचं तोंड उघडं राहिलं.

"नवऱ्याला सांगू म्हणतोस?" सासूबाई म्हणाल्या. "तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. कुठे सांगायला जाऊ?"

वैद्य मोठे तयारीचे. दोन श्वासांत सावरले. "माई, नाडीला स्मृती असते. तुमच्या बाळंतपणाची जुनी स्मृती नाडीत..."

"'दुसरा महिना चालू आहे' म्हणालास की आत्ता! स्मृती चालू असते होय?"

"कुणीतरी नाडीत बिघाड..."

"बिघाड मी केला," थोरली पुढे झाली. "दोन गाठी मी मारल्या. या हातांनी." ती भिंतीलगतच्या बायकांकडे वळली. "बायांनो, आपापल्या दोऱ्यांची टोकं बघा. दोन गाठी असतील तिला हा 'आहे' म्हणणार, एक असेल तिला 'नाही'. म्हातारीला गाठच नाही. गाठी मावशी मारते, तुम्ही पाणी पिताना जे सांगता ते ऐकून. आणि जी बाजू दुखते म्हणालात त्या हाताला दोरा बांधते. नाडी बघतच नाही कुणी. वावभर सैल दोऱ्यातून नाडी पोचेल कशी? दोऱ्याच्या या टोकाला मनगट आहे की टेबलाचा पाय, तेही याला कळत नाही!"

खोलीत नुसती मनगटं वर झाली. बायका डोळे बारीक करून टोकं बघत होत्या, शेजारणीचं टोक आपल्याशी ताडून बघत होत्या. "दोन," कुणीतरी पुटपुटलं. "माझी एक." मावशी दारात उभी होती. हातातला पेला तिरका होऊन पाणी सांडत होतं, ते तिला कळत नव्हतं.

"ही श्रद्धेची जागा आहे!" वैद्य गरजले. "शंका घेणाऱ्याला गुण येत नाही!"

"मी तर श्रद्धेने बसले होते," सासूबाई म्हणाल्या. "मला तरी कुठे आला?"

तेवढ्यात भिंतीशी टेकलेली धाकटी कलंडली. थोरलीने तिला जमिनीवर पडायच्या आत धरलं. तिचे हात बर्फासारखे गार होते.

"वायू आहे, वायू!" वैद्य म्हणाले. "काढा बदलून देतो..."

"तुझा काढा तूच पी," सासूबाई म्हणाल्या. मग त्या थोरलीकडे वळल्या, आणि थोरलीने अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून असा आवाज कधी ऐकला नव्हता. "उचल तिला. हॉस्पिटल. अगं बघतेस काय, उचल!"

चार बायकांनी धाकटीला जिन्यावरून खाली नेलं. ज्यांच्या मनगटावर दोरे होते, त्याच चार.

*

हॉस्पिटलातली डॉक्टरीण तरुण होती. भराभर बोलत होती. तिने तपासणी केली, पोटाची सोनोग्राफी केली आणि सहीसाठी कागद पुढे केला.

"गर्भ आहे. पण गर्भाशयात नाही. डाव्या नळीत रुजलाय. नळी फुटायला लागली आहे, पोटात रक्त जमतंय. आत्ता ऑपरेशन करावं लागेल."

"पण तिला तर दिसत होतं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर तो नाही म्हणाला."

"अशा वेळी थोडं रक्त जातंच. ती पाळी नसते. आणि पोटातलं रक्त वर, छातीखालच्या पडद्याला लागलं की खांदा दुखतो." डॉक्टरीण थांबली. "तिने पट्टा कशाला बांधला होता?"

सासूबाईंनी सही केली.

बाकावर दोघी दोन तास बसल्या. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "तुझे सासरे असेच गेले. तेव्हाही मी आधी दुसरीकडेच नेलं होतं. चार दिवस." थोरलीला हे माहीत नव्हतं. तिने त्यांचा हात हातात घेतला, आणि दोघी रडल्या.

धाकटी वाचली. नळी काढावी लागली. दुसरी चांगली आहे, पुढे मूल होऊ शकेल, असं डॉक्टरीण म्हणाली. आणखी तासभर उशीर झाला असता तर मात्र हे सांगायला वेगळा चेहरा करून यावं लागलं असतं, असंही म्हणाली.

"डॉक्टर," सासूबाईंनी विचारलं, "नाडीत खरंच काही कळत नाही का हो?"

"कळतं ना. हृदय किती जोरात धावतंय ते कळतं. दिवस गेले की नाडी जरा भरभर चालते. ताप आला, भीती वाटली, जिना चढला, तरी भरभर चालते. ती का धावते आहे ते नुसतं बोट ठेवून कुणालाही सांगता येत नाही. मलासुद्धा नाही. म्हणून तर मी तपासणी करते."

'मलासुद्धा नाही' हे तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणाच्या तरी तोंडून ऐकलं, असं थोरलीला वाटलं, आणि तिचा त्या डॉक्टरणीवर पक्का विश्वास बसला.

*

वैद्यांचं दुकान दुसऱ्या दिवशी बंद पडलं असेल, असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. आठ दिवसांनी जिन्यावर पुन्हा बायका होत्या. कमी होत्या, पण होत्या. "ती सून अश्रद्ध होती, तिनेच घोळ केला," अशी नवी गोष्ट आता वरून खाली येत होती.

पण आता सगळ्यात खालच्या पायरीवर सासूबाई बसलेल्या असत. मांडीवर भाजी निवडायला घेऊन, रोज दहा ते एक. वर जाणाऱ्या प्रत्येकीला त्या थांबवत. "कशाला चाललीस गं? दिवस गेलेत का बघायला? मलाही गेलेत म्हणाला होता तो. बघ माझ्याकडे!"

रविवारी कारखान्याला सुट्टी म्हणून थोरलीही तिथेच होती. वैद्य स्वतः तणतणत खाली आले. लोडाविना ते बरेच बुटके दिसत होते.

"म्हातारे, ऊठ इथून! जिना तुझ्या बापाचा आहे का?"

"गरोदर बाईला हाकलतोस?" सासूबाई भाजीवरून नजर न काढता म्हणाल्या. "तिसरा महिना लागला मला आता. जपायला हवं असं तूच सांगितलंयस."

जिना खदखदून हसला. वरपासून खालपर्यंत. वैद्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि ते वर निघून गेले.

हसण्यात एकजण सामील नव्हती. विशीतली मुलगी, पदराशी चाळा करत उभी. "पण मला कळायचं कसं?" तिने विचारलं. "घरचे म्हणतात, ते सांगतील तेच खरं."

थोरली तिच्याजवळ सरकली. "पलीकडे सरकारी दवाखाना आहे. तिथे लघवीची पट्टीवर तपासणी करतात. पट्टीला तुझं नाव माहीत नसतं, तू काय बोललीस ते तिने ऐकलेलं नसतं. आणि दुखत असेल, रक्त जात असेल, तर तसं डॉक्टरांना सांग आणि पोट तपासून घे. कुणी म्हणालं मला न बघता कळतं, तर त्याला विचार, कसं कळतं? विचारल्यावर जो चिडतो त्याच्या हातात आपलं मनगट द्यायचं नाही. तो वैद्य असो, डॉक्टर असो, नाहीतर मी असो."

"विचारलं तर पाप नाही ना लागत?"

"आम्ही तीन दिवस विचारलं नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे हात भाजीवर थांबले होते. "आमच्या पोरीच्या पोटावर सात टाके आहेत. ते त्या न विचारण्याचे आहेत. जा बाळ, विचार."

मुलगी क्षणभर वर बघत राहिली. मग वळली आणि रस्ता ओलांडून दवाखान्याच्या दिशेने चालू लागली. तिच्यामागून आणखी दोघी उतरल्या.